व्हेरिकोसील : शस्त्रक्रिया कधी, कशी?

वृषणाभोवतीच्या शिरा फुगून वेड्यावाकड्या होतात, त्याला व्हेरिकोसील म्हणतात. साधारण 15 टक्के पुरुषांत ते आढळते. वंध्यत्वासाठी तपासल्या जाणाऱ्या पुरुषांत हे प्रमाण 35 ते 40 टक्क्यांपर्यंत जाते. बहुतेकदा डाव्या बाजूला. कारण डावी शीर उंच चढून मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते. तिच्या झडपा निकामी झाल्या की रक्त खाली तुंबते, वृषणाचे तापमान वाढते आणि शुक्राणूंची संख्या, हालचाल दोन्ही घटतात. (फक्त उजवीकडेच शिरा फुगल्या असतील, तर पोटाची सोनोग्राफी टाळू नये.)

शस्त्रक्रिया सरसकट नको. शिरा हाताला जाणवत असतील, वीर्यतपासणीत दोष असेल आणि जोडप्याला मूल हवे असेल, तेव्हाच तिचा विचार व्हावा. केवळ सोनोग्राफीत दिसलेल्या बारीक शिरांसाठी ती करून घेऊ नये. सूक्ष्मदर्शकाखालची पद्धत सर्वांत भरवशाची. जांघेजवळ दोन-तीन सेंटिमीटरचा छेद घेऊन फुगलेल्या शिरा बांधतात. रोहिणी आणि लसवाहिन्या मात्र जपतात. त्यामुळे नंतर हायड्रोसील (वृषणाभोवती पाणी साचणे) होणे किंवा शिरा पुन्हा फुगणे क्वचितच घडते.

शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून वीर्याची फेरतपासणी तीन महिन्यांनी. अनेकांचा अहवाल सुधारतो. गर्भधारणेची हमी मात्र कोणीच देऊ शकत नाही. पत्नीचे वय पस्तिशीपुढे असेल, तर आयव्हीएफचा पर्यायही डॉक्टरांशी वेळीच बोलावा.

आणि एक कळकळीची विनंती: पत्नीच्या तपासण्यांची रांग लावण्याआधी पतीची साधी वीर्यतपासणी करून घ्या.