खेळता खेळता संगणकाची भाषा

खेळ खेळण्याची हौस कोणत्या मुलाला नसते? खेळ रचण्याची हौस मात्र त्याहून निराळी आहे. पडद्यापुढे तासन्‌तास बसलेले मूल बहुधा दुसऱ्या कोणी आखून दिलेल्या वाटेनेच धावत असते. ती वाट स्वतः आखावयाची, तर संगणकाला कळेल अशा भाषेत त्याला आज्ञा द्यावयास हवी. आणि येथेच पुष्कळांचा धीर सुटतो. नवी भाषा म्हटली, की व्याकरण आले, घोकंपट्टी आली, चुकांची धास्ती आली. ही धास्ती घालविण्याचा ज्यांनी मनापासून उद्योग केला, त्यांत सीमूर पॅपर्ट ह्या गणितज्ञाचे नाव प्रथम घ्यावे लागते.

जिनिव्हा येथे झाँ पियाजे ह्या बालमानसशास्त्रज्ञाच्या सहवासात पॅपर्ट ह्यांनी काही वर्षे काढली होती. पुढे अमेरिकेतील केंब्रिज येथे वॉलेस फ्युरझाइग व सिंथिया सॉलोमन ह्यांच्या सहकार्याने त्यांनी 1967 साली मुलांसाठी ‘लोगो’ ही भाषा सिद्ध केली. तिच्यातील कासव लवकरच प्रसिद्धीस आले. ‘पुढे 100, उजवीकडे 90’ एवढीच आज्ञा चार वेळा दिली, की कासव चौरस काढून मोकळे होते. चौरस साधला, की मुलाला त्रिकोणाचा मोह पडतो. समभुज त्रिकोणाचा कोन 60 अंशांचा, हे शाळेत पाठ केलेले असते. म्हणून ते 60 हाच आकडा देते. पाहावे तो रेघ भलतीकडेच जाते आणि त्रिकोण उघडाच राहतो!

अशा वेळी पॅपर्ट ह्यांचा उपाय असा, की मुलाने स्वतःच कासव व्हावे. अंगणात खडूने त्रिकोण काढून त्याच्या रेघेवरून चालून पाहावे. कोपऱ्यावर आले, की आपले शरीर आतल्या कोनाइतके वळत नाही. सरळ वाट सोडून ते बाहेरच्या कोनाइतके, म्हणजे 120 अंशांत वळते, हे पायांनाच समजते. जे फळ्यावर पटले नव्हते, ते चालताना पटते.

ह्याच परंपरेतील मिचेल रेस्निक व त्यांच्या सहकाऱ्यांनी एमआयटी मीडिया लॅबमध्ये तयार केलेली ‘स्क्रॅच’ ही भाषा 2007 साली सर्वांसाठी खुली झाली. ती विनामूल्य आहे. तिच्यात आज्ञा लिहावयाच्या नसतात. रंगीत ठोकळ्यांवर त्या आधीच लिहिलेल्या असतात आणि ते ठोकळे एकाखाली एक जुळवावयाचे असतात. शुद्धलेखनाच्या चुकीने सारा डाव मोडण्याचे भय त्यामुळे उरत नाही. विचाराची चूक मात्र होतेच, आणि खरी गंमत तेथेच आहे.

उदाहरणादाखल आंबे झेलण्याचा खेळ घ्यावा. मुलाने आंबा आणि टोपली स्वतः रंगवावी. स्क्रॅचचा रंगमंच मध्यापासून वर 180 व खाली उणे 180 असा मोजलेला असतो. आंबा 180 वर ठेवून प्रत्येक पावलाला त्याची उंची 5 ने कमी केली, तर 70 पावलांत तो उणे 170 वर येतो. सेकंदाला 30 पावले धरली, तर ह्याला सव्वादोन सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. ऋण संख्या ही येथे पुस्तकातील अडचण राहत नाही. ती आंब्याची जमीन होते.

आता टोपलीला आंबा लागला, तर एक गुण द्यावा, अशी आज्ञा मूल जोडते. खेळ सुरू होतो, आंबा नेमका टोपलीत पडतो, आणि गुण शून्यच! कारण संगणकाने ती तपासणी आरंभी एकदाच केली. आंबा तेव्हा वरच होता. तपासणी ‘सतत करा’ ह्या ठोकळ्याच्या पोटात घातली, की गुण मिळू लागतात. पण एका आंब्याला एकदम दहा-बारा! आंबा टोपलीला जितकी पावले चिकटून असतो, तितके गुण हा आज्ञाधारक सेवक इमानाने देत राहतो. गुण देताक्षणी आंबा पुन्हा वर पाठवावा, ही युक्ती मुलाला येथे सुचली, तर त्याने एका दुपारात पुष्कळ काही मिळविले. वडीलधाऱ्यांनी ती आधीच सांगून टाकण्याची घाई न केलेली बरी. मुलाच्या हातून माऊस ओढून घेणारे शिक्षक त्याचा नेमका हाच आनंद हिरावतात.

भारताच्या 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रोग्रॅम लिहिण्याचा परिचय माध्यमिकपूर्व इयत्तांतच करून देण्याचे ठरविले. पण वर्गात मुले चाळीस आणि संगणक एक, अशी स्थिती असेल तेथे काय करावे? आंब्याचा तोच खेळ वर्गात उभा करता येतो. एकाने आंबा व्हावे, दुसऱ्याने टोपली, तिसऱ्याने फळ्यावर गुण लिहावे, आणि चौथ्याने चिठ्ठीवरील आज्ञा मोठ्याने वाचाव्या. नियम एकच: चिठ्ठीत नाही ते कोणी करावयाचे नाही. ‘थांब’ लिहावयाचे राहिले, तर आंबा भिंतीला जाऊन टेकतो, वर्ग हसतो, आणि चिठ्ठी लिहिणारा पेन्सिल शोधू लागतो.