चार तोळ्यांची दंतकथा

दुबईच्या सहलीला निघालेल्या प्रत्येक ग्रुपमध्ये एक जाणकार असतो. विमानात बसायच्या आधीच त्याचा मेसेज येतो: ‘बायकांना चाळीस ग्रॅम सोनं माफ आहे, पुरुषांना वीस. बिनधास्त घ्या.’ मग देराच्या गोल्ड सूकमध्ये पाच दिवसांच्या सहलीवर आलेली मंडळी चार-चार तोळ्यांचे हिशेब मांडतात आणि ‘आपल्या हक्काचं’ सोनं घेऊन परततात. हे वाक्य इतक्या लोकांकडून, इतक्या खात्रीनं ऐकू येतं की आता उत्तर देतानाही आवाज चढतो.

त्यातलं वजन बरोबर आहे. गाळलेली आहे ती अट. ही सवलत एक वर्षाहून अधिक काळ परदेशात राहून भारतात येणाऱ्यांसाठी आहे. अबूधाबीत नोकरी करून दोन वर्षांनी चिपळूणला घरी येणाऱ्या नर्सला ती मिळते. पाच दिवस फिरून आलेल्या तिच्या मावशीला मिळत नाही. मावशीनं तेच मंगळसूत्र, त्याच दुकानातून, त्याच दिवशी घेतलं असलं तरी नाही.

शिवाय सवलत फक्त दागिन्यांना आहे. बिस्कीट, नाणं, लगड यांना एक ग्रॅमसुद्धा माफी नाही. ‘नाणं लॉकेटसारखं गळ्यात घालून आणू’ ही युक्ती तुम्हाला सुचली, तशी ती तुमच्या आधी हजारोंना सुचलेली आहे आणि कस्टमच्या अधिकाऱ्यांना तोंडपाठ आहे.

गोंधळ वाढायला नियमांचा इतिहासही कारणीभूत आहे, हे मान्य करायला हवं. 2016 च्या बॅगेज नियमांत वजनासोबत किमतीचीही मर्यादा होती: पुरुषांना 20 ग्रॅम, पण 50,000 रुपयांपर्यंत, स्त्रियांना 40 ग्रॅम, पण एक लाखापर्यंत. सोन्याचा भाव ग्रॅमला सात हजार झाला तेव्हा चाळीस ग्रॅमचे दोन लाख ऐंशी हजार होत होते. म्हणजे कागदावर चार तोळे आणि प्रत्यक्षात दीड तोळाही नाही. फेब्रुवारी 2026 मध्ये आलेल्या नव्या नियमांनी किमतीची ही अट काढली, आता फक्त वजन बघतात. ही बातमी आल्यावर ग्रुपवरच्या जाणकारांना नवा हुरूप आला. मात्र एक वर्षाच्या वास्तव्याची अट जिथल्या तिथे आहे, ती कोणीच फॉरवर्ड केली नाही.

‘अंगावर घातलं की विचारत नाहीत’ हा याच दंतकथेचा पुढचा अध्याय. रोजच्या वापराच्या वस्तूंना शुल्क नसतं, पण 2016 च्या नियमांनी त्या व्याख्येतून दागिने स्पष्टपणे वगळले होते. म्हणून कालच घेतलेला हार आज गळ्यात घातल्यानं जुना होत नाही. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. घरून घालून गेलेले, वापरातले दागिने आणि परदेशात घेतलेले नवे दागिने यांत फरक करायलाच हवा, असं दिल्ली उच्च न्यायालयानं एकाहून अधिक निकालांत कस्टमला सुनावलं आहे. तरी कोर्टात जाऊन जिंकण्यापेक्षा सोपा रस्ता आहे: लग्नासाठी पाटल्या-बांगड्या घेऊन परदेशी जाणार असाल, तर निघतानाच विमानतळावरच्या कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या. वेळ हाताशी ठेवून जा आणि सराफाची पावती सोबत ठेवा. परतताना तो कागद तुमच्या बाजूनं बोलतो.

मग सहलीवर सोनं घ्यायचंच नाही का? खुशाल घ्या. पावती सांभाळा, इथे उतरल्यावर जाहीर करा, शुल्क भरा आणि घरी जा. मग हिशेब करून बघा की दुबईचा ‘स्वस्त’ भाव किती स्वस्त पडला. तिथे विमानतळावर पाच टक्के व्हॅट परत मिळाला म्हणून इथलं शुल्क चुकत नाही. तो त्यांचा कर, हा आपला.

बाकीचे गैरसमज एवढा वेळ देण्याच्या लायकीचे नाहीत, पण सांगून टाकू.

सोन्याव्यतिरिक्त सामानाची शुल्कमुक्त मर्यादा पूर्वी 50,000 होती, 2026 च्या नियमांनी ती 75,000 केली. ती माणशी आहे. चौघांच्या मर्यादेची बेरीज करून तीन लाखांचा एकच कॅमेरा आणता येत नाही. तान्ह्या बाळाच्या वाट्याला तर त्याच्या वापरातल्या वस्तूंपलीकडे काहीच नाही.

अठरा वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप वेगळा माफ आहे. फोनला अशी वेगळी माफी नाही आणि खोकं फेकून दिल्यानं नवा फोन जुना होत नाही.

बँकॉकहून टीव्ही आणायचे दिवस ऑगस्ट 2013 मध्येच संपले. फ्लॅट टीव्हीवर तेव्हापासून पहिल्या रुपयापासून शुल्क लागतं.

ड्यूटी फ्री दुकानातून घेतलेली दारूही दोन लिटरांच्या मर्यादेतच मोजतात. सिगारेटी शंभर चालतात आणि दुकानातल्या एका कार्टनमध्ये असतात दोनशे. ई-सिगारेट मात्र एकही नाही, कारण 2019 च्या कायद्यानं तिची आयातच बंद आहे. ड्रोनच्या आयातीवर 2022 पासून बंदी आहे, तेव्हा भाच्यासाठी आणलेलं ते ‘खेळणं’ विमानतळावरच राहील.

पाच हजार डॉलरपेक्षा जास्त रोकड आणता येत नाही, असंही सांगतात. आणता येते. पाच हजारांहून अधिक नोटा, किंवा ट्रॅव्हलर्स चेक वगैरे धरून दहा हजारांहून अधिक परकीय चलन असेल, तर ते फक्त जाहीर करावं लागतं.

आणि शेवटचा, ज्याच्यामुळे सभ्य माणसं अडकतात: लाल मार्ग चोरांसाठी असतो हा समज. खरं तर लाल मार्ग आहे जाहीर करणाऱ्यांसाठी. शुल्क लागणारी वस्तू बॅगेत ठेवून हिरव्या मार्गानं निघालात, तर ‘माझ्याकडे काही नाही’ असं तुम्ही चालत चालत सांगितलेलं असतं. तिथे पकडलं गेलं की शुल्कासोबत दंड, प्रसंगी जप्ती, आणि ‘मला माहीत नव्हतं’ हे कोणी ऐकत नाही. ‘अतिथी’ ॲपवर उतरण्याआधीच माहिती भरता येते. खरं सांगितल्यावरही शुल्क परवडत नसेल, तर सीमाशुल्क कायद्याच्या 80 व्या कलमाखाली वस्तू कस्टमकडे ठेवून पुन्हा परदेशी जाताना परत घेण्याची विनंती करता येते. ही सोय खरं सांगणाऱ्यालाच आहे. तेव्हा शंका असेल तर लाल मार्गानं जा, आणि ग्रुपवरच्या जाणकाराला विचारा: ‘दादा, तुम्ही वर्षभर दुबईत राहिला होतात का?’