आज गळणारे केस आणि तीन महिन्यांपूर्वीचा ताप

नागपुरात सीताबर्डीच्या मेन रोडवर आणि मोदी गल्ल्यांतल्या दुकानांत दिवाळीनंतर एक वाक्य हमखास ऐकू येतं, "भाऊ, केस खूपच गळून राहिले, काही चांगलं तेल द्या." भाऊ तेल देतात. दोन-तीन महिन्यांत गळती थांबतेही, आणि त्या तेलाची कीर्ती घरोघर पोचते. आधीचं तेल मात्र बदनाम होतं. बहुतेक वेळा या गळण्यात आणि थांबण्यात दोन्ही तेलांचा काही हात नसतो.

हिशेब साधा आहे. डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. त्यातले ९० टक्क्यांच्या आसपास वाढत असतात, दहाएक टक्के विश्रांतीत असतात. ही विश्रांती साधारण तीन महिन्यांची. ती संपली की केस गळतो आणि त्याच जागी नवा उगवतो. दहा हजार केस शंभरेक दिवसांत गळायचे, म्हणजे रोज शंभरपर्यंत केस जाणं हा आजार नाहीच. पण शरीराला मोठा धक्का बसला की वाढीतले पुष्कळ केस मुदतीआधीच, एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी सगळे मिळून गळतात. याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ आल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ मध्ये हे नाव रूढ केलं.

म्हणून कारण शोधायचं ते कालच्या शाम्पूत नव्हे, तर तीन महिन्यांमागच्या कॅलेंडरात. डेंग्यू-चिकुनगुनियाचा ताप सप्टेंबरात येऊन जातो, केस डिसेंबरात गळतात, आणि दोष थंडीला नाहीतर कढत पाण्याला मिळतो. एप्रिल २०२१ मधल्या कोरोनाच्या लाटेनंतर अनेकांचे केस जून-जुलैत गळू लागले. तोवर ताप विसरला गेला होता. टायफॉइड, मोठं ऑपरेशन, लग्नाआधी वजन उतरवायला केलेली उपासमार, थायरॉइडचा बिघाड, काही औषधं, गर्भनिरोधक गोळ्या बंद करणं, हीही कारणं त्याच यादीतली. बाळंतपणाचं कारण तर घरोघर माहीत असतं. 'बाळ आईला ओळखायला लागलं की आईचे केस गळतात' असं जुन्या बायका म्हणतात. बाळ आईला साधारण त्याच सुमारास ओळखू लागतं, तेव्हा निरीक्षण पक्कं आहे, फक्त कारण वेगळं. गरोदरपणात संप्रेरकांमुळे केस वाढीत टिकून राहतात. ती पातळी उतरली की राहिलेली गळती एकदम होते. अंगावर पाजल्यानं केस जातात असं समजून दूध तोडायचं काहीच कारण नाही.

दुसरा आरोपी पाणी. बोअरचं जड पाणी केस रुक्ष करतं, तुटायला मदत करतं. मुळापासून गळणं हा वेगळा प्रकार. पाण्यावरचा संशय वाढला तो शेगाव तालुक्यातल्या घटनेनंतर. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये बोंडगाव, कालवड अशा गावांत लोकांना अवघ्या काही दिवसांत टक्कल पडू लागलं. आधी बोट पाण्याकडेच गेलं. पुढे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हात सेलेनियमचं प्रमाण फार जास्त आढळल्याचं सांगितलं. त्या बातमीचा आपल्या कंगव्यातल्या केसांशी संबंध जोडणाऱ्यांनी एवढंच पाहावं की तिथे टक्कल काही दिवसांत पडलं. तापानंतरची गळती दोन-तीन महिने थांबून येते, आणि तीत डोकं पूर्ण उघडं पडत नाही.

गळलेल्या केसाच्या टोकाला पांढरा ठिपका दिसला की घरात हाय खाल्ली जाते, 'मुळासकट गेला!' तो ठिपका मूळ नव्हे. विश्रांती पुरी केलेल्या केसाचं ते टोक असतं. मूळ त्वचेत शाबूत राहतं. उलट असे केस पाहून डॉक्टरांना निदान सोपं जातं.

निदानात निम्मं काम प्रश्नांचं. गेल्या सहा महिन्यांत काय झालं, कोणती औषधं चालू होती? मग पन्नासेक केसांची बट बोटांत धरून हलकेच ओढतात. पाच-सहांहून जास्त हातात आले तर गळती चालू आहे असं धरतात. आदल्या दिवशी डोकं न धुता गेलेलं बरं. भांग रुंदावत चालला असेल, केस बारीक होत असतील तर तो आनुवंशिक प्रकार. गोल चकती पडली तर ती चाई. दोन्हींचे उपचार निराळे. टकलाच्या भीतीनं मुंडण करणाऱ्यांनाही सांगायला हवं, वस्तऱ्यानं मुळाला काहीच होत नाही. नवे खुंट फक्त जाड भासतात.

गळती बहुधा सहा महिन्यांत आटोपते. केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे वेणीला पहिल्यासारखा भरणा यायला वर्ष-दीड वर्ष लागू शकतं. गळती सहा महिन्यांपुढे लांबली तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा) आणि थायरॉइडच्या तपासण्या करून घ्याव्यात. विदर्भात हिमोग्लोबिन कमी दिसताच लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत. इथे सिकलसेल बऱ्याच घरांत आहे, त्यातही हिमोग्लोबिन कमी येतं, म्हणून आधी ते पाहायचं. ताप चालू असताना फेरिटिन वाढलेलं येतं, तेव्हा तोही आकडा फसवा.

राहिलं केसांसाठी घेतलं जाणारं बायोटिन हे जीवनसत्त्व. त्याचा उपयोग कमतरता असेल तरच, आणि ती कमतरता विरळा. शरीराला दिवसाला ३० मायक्रोग्रॅम पुरतं. केसांच्या गोळ्यांत पुष्कळदा ५ ते १० मिलिग्रॅम असतं. एवढ्या मात्रेनं काही रक्ततपासण्या चुकतात. त्यात थायरॉइडची तपासणीही येते, म्हणजे केस का गळतात हे शोधायला सांगितलेली तपासणीच बिघडते. म्हणून रक्त द्यायच्या निदान दोन दिवस आधी या गोळ्या बंद ठेवायच्या, आणि आपण त्या घेत होतो हे डॉक्टरांना सांगायचं.