राष्ट्रपतींशेजारची खुर्ची

26 जानेवारीला सोसायटीतलं झेंडावंदन आटोपलं, मुलांच्या हातात जिलेबी पडली, की घरोघरी टीव्हीवर दिल्लीचं संचलन लागतं. चित्ररथ, रणगाडे, उंटांवरचं दल, विमानं. माझं लक्ष मात्र राष्ट्रपतींशेजारच्या, परदेशी प्रमुख पाहुण्याच्या खुर्चीकडे जातं. त्या खुर्चीवर आजवर कोण कोण बसलं ते पाहत गेलं, की आपल्या परराष्ट्र धोरणाचा पाऊणशे वर्षांचा इतिहास समोर येतो. शाळेत पाठ केलेल्या देशप्रेमात तो मावत नाही.

पहिले पाहुणे 1950 साली इंडोनेशियाचे सुकार्नो. 1955 साली संचलन पहिल्यांदा राजपथावर आलं, तेव्हा पाहुणे होते पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल मलिक गुलाम मोहम्मद. 1958 साली चीनचे मार्शल ये जियानयिंग आले आणि चार वर्षांनी चीनशी युद्ध झालं. जानेवारी 1965 मध्ये पाकिस्तानचे अन्न व कृषिमंत्री राणा अब्दुल हमीद आले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कच्छच्या रणात चकमकी झडल्या आणि सप्टेंबरमध्ये उघड युद्ध पेटलं. त्यांना बोलावलं ते चुकलं, असं मी म्हणणार नाही. शेजाऱ्याशी बोलणं सुरू ठेवायलाच हवं. पण कालचा पाहुणा आज शत्रू ठरतो, तेव्हा त्याचा द्वेष करणं म्हणजेच देशप्रेम, ही शिकवण मला मान्य नाही.

1968 सालापाशी मी दर वेळी थांबतो. त्या वर्षी दोन पाहुणे होते, सोव्हिएत संघाचे कोसिजिन आणि युगोस्लाव्हियाचे टिटो. ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले. टिटोंनी उघड निषेध केला. भारत तेव्हा सुरक्षा परिषदेचा सदस्य होता; निषेधाच्या ठरावावर तो तटस्थ राहिला. सरकारच्या या भूमिकेवरून अशोक मेहतांनी केंद्रीय मंत्रिपद सोडलं. पुढे 1971 च्या युद्धात सोव्हिएत नकाराधिकार आपल्या कामी आला, हेही तितकंच खरं. म्हणजे गप्प राहिल्याचा फायदा झाला. तरी चेकोस्लोव्हाकियातल्या माणसांवर झालेला अन्याय त्यामुळे पुसला जात नाही. राष्ट्रहित या एका शब्दावर आपण हा सगळा हिशेब मिटवतो, तिथे माझं मन अडतं. 2022 साली युक्रेनवरच्या रशियन हल्ल्याच्या निषेधाचा ठराव सुरक्षा परिषदेत आला, तेव्हाही आपण तटस्थच होतो.

परराष्ट्र धोरणावर शंका घेतली की देशनिष्ठेवर बोट ठेवलं जातं. अशा वेळी डॉ. आंबेडकरांचं केंद्रीय मंत्रिपदाच्या राजीनाम्याचं निवेदन वाचावं. ऑक्टोबर 1951 मधल्या त्या निवेदनात हिंदू कोड बिलाइतक्याच स्पष्टपणे परराष्ट्र धोरणाबद्दलची नाराजी आहे. वर्षाचा महसूल 350 कोटी, त्यातले 180 कोटी सैन्यावर जातात, आणि हा बोजा आपल्याला मित्र न ठेवणाऱ्या धोरणामुळे पडतो, असं त्यांनी हिशेब मांडून सांगितलं. 1954 साली चीनबरोबरच्या पंचशील कराराचा उदोउदो चालू असताना राज्यसभेत त्यांनी त्यावरही टीका केली. त्यांचा प्रत्येक निष्कर्ष पटलाच पाहिजे असं नाही. पण ज्या संविधानामुळे 26 जानेवारीला सुट्टी असते, त्याच्या शिल्पकाराला हे प्रश्न विचारणं आपलं कर्तव्य वाटलं होतं.

2018 साली आसियानचे दहा नेते एकत्र पाहुणे म्हणून आले. त्यांत म्यानमारच्या आँग सान सू ची होत्या. आधीच्या ऑगस्टपासून तिथल्या लष्कराच्या कारवाईमुळे सुमारे सात लाख रोहिंग्या बांगलादेशात पळून आले होते. आपल्या केंद्र सरकारनं तर भारतात आलेल्या रोहिंग्यांना परत पाठवण्याच्या बाजूनं सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं होतं. त्या दिवशी त्या खुर्च्यांकडे बघताना मला अभिमान वाटला नाही, आणि तो वाटून घ्यायची सक्ती मी स्वतःवर केली नाही.

संविधानाच्या कलम 51 मध्ये लिहिलं आहे की राज्यानं आंतरराष्ट्रीय शांतता वाढवावी, राष्ट्राराष्ट्रांत न्याय्य आणि सन्मानाचे संबंध राखावेत, आंतरराष्ट्रीय कायद्याचा आदर करावा आणि तंटे लवादानं मिटवण्यास उत्तेजन द्यावं. सरकारला मापायला ही पट्टी पुरेशी आहे, पक्ष कुठलाही असो. मात्र हे कलम मार्गदर्शक तत्त्व असल्यानं त्यासाठी न्यायालयात जाता येत नाही. दुसऱ्या देशाशी करार करताना सरकारला संसदेची मंजुरी घेण्याचंही बंधन नाही. तो अमलात आणायला कायदा लागला, तरच विषय सभागृहात येतो. म्हणून निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला रस्ते आणि पाण्याबरोबर हेही विचारा: परदेशांशी होणारे करार संसदेसमोर यावेत, यासाठी तुम्ही काय करणार?