म्युनिकचं पत्र : अफवांच्या रात्री बोललेला पोलीस

पोलिसांनी संकटात लोकांशी कसं बोलावं, हा विषय जर्मनीत निघाला की २२ जुलै २०१६ च्या संध्याकाळची आठवण हमखास निघते.

त्या शुक्रवारी सहाच्या सुमारास म्युनिकच्या मोझाख भागातल्या ऑलिम्पिया खरेदी संकुलापाशी १८ वर्षांच्या एका तरुणाने गोळीबार केला. नऊ जणांचा बळी घेऊन काही तासांनी त्याने स्वतःवर गोळी झाडली. तो एकटाच होता, पण हे कळायला मध्यरात्र उलटली. तोवर शहराने एक वेगळंच युद्ध पाहिलं. आठवडाभरापूर्वी नीसमध्ये ट्रकहल्ला झाला होता, चार दिवसांपूर्वी वुर्त्सबुर्गजवळ रेल्वेत कुऱ्हाडीने वार झाले होते. माणसं धास्तावलेलीच होती. श्टाखुस चौकात गोळीबार, मारिएनप्लात्झला गोळीबार, अशा बातम्या मोबाइलवरून पसरल्या. त्यातली एकही खरी नव्हती. होफब्रॉयहाउस या जुन्या बिअरगृहात तर लोक खिडक्या फोडून बाहेर पळाले. साध्या वेशातले सशस्त्र पोलीस दिसले की लोक त्यांनाच हल्लेखोर समजत आणि पोलिसांच्या ११० या क्रमांकावर कळवत. काही तासांत चार हजारांवर फोन आले. मेट्रो, बस, ट्राम सगळं थांबवलं गेलं.

या गदारोळात कॅमेऱ्यांपुढे उभे होते मार्कुस दा ग्लोरिया मार्टिन्स, म्युनिक पोलिसांच्या वृत्तविभागाचे प्रमुख. ते स्वतः पोलीस अधिकारी. खात्रीचं काय, तपासायचं काय आणि नागरिकांनी या घटकेला काय करायचं, हे ते वेगवेगळं सांगत. दहशतवादी आहेत का, किती आहेत, असे प्रश्न अंगावर येत होते. अजून ठाऊक नाही, हे उत्तर त्यांनी न कचरता दिलं. आवाज चढला नाही. तर्क लढवू नका, एकमेकांचं पाहून लिहू नका, असं पत्रकारांनाही बजावलं. त्यांचे सहकारी ट्विटरवर जर्मन, इंग्रजी, फ्रेंच आणि तुर्की अशा चार भाषांत सूचना देत होते. या शहरात तुर्की घरं किती आहेत, हे ठाऊक असलेल्यालाच त्या चौथ्या भाषेची किंमत कळेल.

पोलिसांच्या हालचालींची चित्रं टाकू नका, ती आमच्याकडे पाठवा, ही विनंतीही त्या सूचनांत होती. मुंबईकराला इथे २६/११ आठवल्याशिवाय राहत नाही. तेव्हा कमांडोंच्या हालचाली वाहिन्यांवर थेट दिसत होत्या आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कसाबच्या निकालपत्रात त्यावर कडक ताशेरे ओढले.

दा ग्लोरिया मार्टिन्स यांच्यासारखं बोलणं ऐनवेळी सुचत नाही. कोण बोलणार, कोणत्या भाषांत, नियंत्रण कक्षातून त्याला माहिती कोण पुरवणार, हे आधी ठरलेलं असावं लागतं. आणि प्रवक्त्याला ‘माहीत नाही’ म्हणायची मुभा वरिष्ठांनी द्यावी लागते. माझ्या मते सगळ्यात अवघड हेच.

तरीही म्युनिकचं निव्वळ कौतुक करणं बरोबर नाही. मेलेल्यांपैकी बहुतेक जण स्थलांतरित कुटुंबांतले होते. हा वंशद्वेषातून केलेला हल्ला आहे, असं नातेवाईक सांगत राहिले; पण बव्हेरियाच्या गुन्हे तपास खात्याने त्याची नोंद उजव्या अतिरेकी हेतूचा गुन्हा म्हणून केली ती २०१९ मध्ये. त्या रात्री लाखो लोकांशी नेमकं बोलणाऱ्या यंत्रणेला नऊ घरांचं म्हणणं मान्य करायला तीन वर्षं लागली. मला हे अपयश त्या रात्रीच्या यशाएवढंच मोठं वाटतं.

आपल्याकडच्या पोलीस आणि अग्निशमन दलांच्या प्रशिक्षणात या दोन्ही गोष्टी शिकवल्या जाव्यात : कॅमेऱ्यापुढे बोलणं आणि बळींच्या घरी जाऊन ऐकून घेणं. तुम्हा वाचकांनाही एक विनंती. वर्दीतला अधिकारी ‘अजून कळलेलं नाही’ म्हणाला, तर त्याच्यावर चिडू नका आणि हातातला व्हिडिओ पुढे पाठवू नका, पोलिसांना द्या.