दोन वर्षांचा खुलासा

गेल्या वर्षीची गोष्ट. दिवाळीची सुट्टी लागायला दोनच दिवस होते. माझा एक जुना विद्यार्थी वडिलांबरोबर आमच्या जळगावच्या घरी आला. बी. ए. झाल्यावर त्याला स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता हा विकार जडला. दोन वर्षे उपचारांत गेली. आता कानांत येणारे आवाज थांबले होते, गोळ्या नियमित चालू होत्या. एका दालमिलमध्ये हिशेब लिहिण्याची जागा होती. वडील दबल्या आवाजात म्हणाले, "सर, ही दोन वर्षं तो तुमच्या हाताखाली काम करीत होता, एवढं लिहून द्या. नाहीतर मधल्या काळाचा खुलासा काय करायचा?"

खोटे लिहायला मी नकार दिला. वर उपदेशही केला. "आधी पुरता बरा होऊ दे. नोकरीची घाई कशाला?" मुलगा मान खाली घालून निघून गेला.

पुढे परीक्षेच्या कामासाठी मी धुळ्याला गेलो. तेथे बोलता बोलता डॉ. जगन्नाथ वाणी यांचा विषय निघाला. वाणी मूळचे धुळ्याचे. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला हाच विकार होता. चार भिंतींआड दुःख झाकून ठेवण्याऐवजी त्यांनी पुढाकार घेतला आणि १९९७ साली पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' उभी राहिली. याच विकारावरच्या, २००४ सालच्या 'देवराई' चित्रपटालाही त्यांचा हातभार होता. २०१७ साली ते निवर्तले. पुण्याजवळ धायरीला या संस्थेने पुनर्वसन केंद्र चालवले. रुग्णाला दिवसभर हाताला उद्योग आणि बोलायला माणसे मिळावीत, हा त्यामागचा विचार.

हे ऐकले आणि माझा उपदेश मलाच टोचू लागला. मी वाचायला बसलो. हा विकार बहुधा ऐन विशीत, शिक्षण संपून नोकरी लागण्याच्या वयात गाठतो. गोळ्या भास आवरतात. पण वेळेवर उठण्याची सवय, एका कामात चित्त ठेवणे, चारचौघांत बोलणे हे गोळीने परत येत नाही. ते कामानेच येते. पूर्वीची रीत अशी, की रुग्णाला आधी कार्यशाळेत दीर्घ शिक्षण द्यायचे आणि मग नोकरी बघायची. १९९०च्या सुमारास अमेरिकेत रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी ती उलटी केली : आधी आवडीची खरीखुरी नोकरी, आणि पाठीशी मदतनीस कायम. अनेक देशांत ताडून पाहता जुन्या रीतीपेक्षा या रीतीने अधिक जणांना नोकऱ्या लागल्या. 'पुरता बरा' होण्याची अट त्यात नाही. काम करण्याची इच्छा पुरते.

कायदाही बदलला आहे. १९९५च्या अपंगांसाठीच्या कायद्याने मानसिक आजार अपंगत्वात धरला, पण नोकरीतील ३ टक्के राखीव जागांत त्याला वाटा दिला नाही. २०१६च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांतील त्या जागा ४ टक्के केल्या आणि त्यांतल्या एका टक्क्यात इतर काही अपंगत्वांबरोबर मानसिक आजारालाही स्थान दिले. मात्र आमच्या खानदेशात पोटाला लावणाऱ्या जागा बहुतेक दालमिलांत, कारखान्यांत आणि दुकानांत. तेथे राखीव जागा नाहीत; मालकाचे मन असते.

म्हणून मुलाची परवानगी घेऊन, त्याच्यासह मी शेटजींकडे गेलो आणि सारे खरे सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हिशेब चुकला तर?"

"चुकला म्हणून सांगा, शेटजी. वेडा म्हणून सांगू नका."

गोळ्यांनी सकाळी गुंगी असते, म्हणून अकरापासून तीनपर्यंतचे काम ठरले. एका वेळी एकच काम सांगायचे, हे जुन्या दिवाणजींनी मान्य केले. महिन्यातून एक दिवस डॉक्टरांसाठी सुट्टी. तिसऱ्या महिन्यात मुलगा आठ दिवस घराबाहेर पडला नाही. मी धास्तावलो. शेटजींनी मात्र जागा भरली नाही. नवव्या दिवशी तो परत आला.

वाचकहो, तुमच्या दुकानात, कचेरीत अशी एखादी चार तासांची जागा निघेल का? दया नको, पगार हवा. आणि पडला तर आठ दिवस वाट पाहण्याची तयारी.

परवा तो फराळाला आला होता. मी विचारले, "कोणी त्या दोन वर्षांबद्दल विचारतं का रे?"

"नाही, सर," तो हसून म्हणाला. "आता खुलासा मागतात तो तुरीच्या पोत्यांचा!"