विश्लेषण : दुर्बीण बांधणाऱ्याचे गुण कोण मोजणार?

अचलपूर-परतवाड्याच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकाला पदोन्नतीचा अर्ज भरताना शोधनिबंधांचे गुण मांडावे लागतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीतील तक्ता त्यासाठी वापरला जातो. विज्ञान शाखेतील एका निबंधाला मूळ ८ गुण. नियतकालिकाचा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ जितका मोठा, तितके गुण अधिक. लेखक दोन असतील तर प्रत्येकाला ७० टक्के. त्याहून जास्त असतील तर मुख्य लेखकाला ७० आणि बाकीच्यांना ३० टक्के. पेटंटला गुण आहेत, निमंत्रित व्याख्यानाला आहेत, धोरणाच्या मसुद्यालाही आहेत. मात्र चार-पाच वर्षे खपून एखादे उपकरण उभे केले आणि ते इतरांसाठी चालते ठेवले, तर त्यासाठी वेगळा रकाना नाही.

खगोलशास्त्रात ही अडचण सर्वाधिक बोचते. या शास्त्रात प्रयोगशाळेत तारा आणून ठेवता येत नाही. जे काही कळते ते दुर्बिणीतून आणि तिच्या मागे बसवलेल्या उपकरणांतून. तरीही उपकरण घडवणाऱ्याची संदर्भसंख्या, म्हणजे ‘सायटेशन’, बहुधा शोध लावणाऱ्यापेक्षा कमी भरते. असे का होते, हे समजून घ्यायला महाराष्ट्रातच एक ठसठशीत उदाहरण आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजेच ‘जीएमआरटी’, आणि तिचे शिल्पकार प्रा. गोविंद स्वरूप.

सायटेशन आणि एच-इंडेक्स म्हणजे काय?

एका निबंधाचा उल्लेख दुसऱ्या निबंधाच्या संदर्भसूचीत आला की पहिल्याच्या खात्यात एक सायटेशन जमा होते. युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये अशा सूचीची कल्पना मांडली आणि १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ सुरू केला. वाचनालयातील माणसाला एका निबंधावरून पुढच्या निबंधाकडे जाता यावे, हा तिचा मूळ उपयोग. माणसांना गुण देण्यासाठी ती नंतर वापरली जाऊ लागली.

२००५ मध्ये कॅलिफोर्नियातील भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी ‘एच-इंडेक्स’ सुचवला. एखाद्याच्या २० निबंधांना प्रत्येकी किमान २० संदर्भ मिळाले असतील, तर त्याचा एच-इंडेक्स २०. सोपा आणि म्हणूनच लोकप्रिय. पण हिशेब करून पाहा. एका शास्त्रज्ञाने आयुष्यात पाचच निबंध लिहिले, प्रत्येकाला हजार संदर्भ मिळाले. एकूण ५,०००, एच-इंडेक्स ५. दुसऱ्याने ३० निबंध लिहिले, प्रत्येकाला ३० संदर्भ. एकूण ९००, एच-इंडेक्स ३०. निवड समितीसमोर दोघांचे अर्ज आले, तर दुसरा सहापट वरचढ दिसतो. दुर्बिणी बांधणारी माणसे बहुतेक वेळा पहिल्या जातकुळीतली असतात. पंधरा वर्षे एकाच यंत्रावर घालवायची आणि शेवटी त्यावर एक वर्णनपर निबंध लिहायचा, असा त्यांचा रिवाज.

स्वरूप यांचे उदाहरण काय सांगते?

उत्तर प्रदेशातील ठाकुरद्वारा येथे १९२९ साली जन्मलेले स्वरूप १९५३ मध्ये ऑस्ट्रेलियात रेडिओ खगोलशास्त्र शिकायला गेले. तिथल्या वापरातून बाद होत असलेल्या सहा-सहा फुटांच्या ३२ तबकड्या भारताला मिळाल्या आणि अखेर १९६५ मध्ये कल्याणला उभ्या राहिल्या. देशातली ही या क्षेत्रातली सुरुवात. १९७० मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेतर्फे उटीजवळ ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद रेडिओ दुर्बीण उभी केली. तीही डोंगराच्या उतारावर, अशा बेताने की उताराचा कोन आणि तिथला अक्षांश सारखा असल्याने दुर्बिणीचा आस आपोआप पृथ्वीच्या आसाशी समांतर राहतो आणि एकाच आसाभोवती फिरवून आकाशातल्या स्रोताचा तासन् तास माग काढता येतो. यंत्राची निम्मी गणिते जागा निवडतानाच सोडवण्याची ही हातोटी निबंधांच्या यादीतून दिसत नाही.

सर्वात बोलके उदाहरण त्याआधीचे आहे. स्टॅनफर्डला असताना १९६१ मध्ये स्वरूप आणि के. एस. यांग यांनी एक पद्धत मांडली. अनेक तबकड्या जोडून एक मोठी दुर्बीण करायची, तर प्रत्येकीचा संकेत केबलमधून येताना अगदी अचूक ताल राखला गेला पाहिजे. पण केबल उन्हाने तापते, प्रसरण पावते आणि ताल चुकतो. मे महिन्यात वऱ्हाडातल्या विजेच्या तारा कशा सैलावतात ते आठवावे. या दोघांनी केंद्रातून तबकडीकडे संकेत पाठवून तो त्याच वाटेने परत घ्यायचा आणि जाण्या-येण्यात पडलेला फरक मोजून दुरुस्ती करायची, असा मार्ग काढला. पुढे जगभरच्या जोडदुर्बिणींमध्ये ही कल्पना या ना त्या रूपात रुजली. इतकी, की ती वापरताना मूळ निबंधाचा संदर्भ द्यावा असे सहसा कोणाला वाटत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी हेच निरीक्षण नोंदवले होते : कल्पना सर्वांच्या अंगवळणी पडली की तिच्या जनकाचे नाव पुसले जाते. डिजिटल छायाचित्रणाच्या मुळाशी असलेल्या ‘सीसीडी’चेही तसेच. बॉइल आणि स्मिथ यांना त्यासाठी २००९ मध्ये नोबेल मिळाले. पण सीसीडीने घेतलेल्या प्रतिमांवर निबंध लिहिणारे त्यांच्या १९७० च्या निबंधाचा उल्लेख करत नाहीत. थोडक्यात, सर्वात यशस्वी तंत्राचीच संदर्भसंख्या काही काळाने थांबते.

जीएमआरटीच्या खात्यात काय जमा होते?

४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यातल्या १४ मध्यभागी आणि १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या तीन हातांवर, एकूण पसारा सुमारे २५ किलोमीटर. इतक्या मोठ्या तबकड्या जाड पत्र्याच्या केल्या असत्या, तर वाऱ्याने आणि खर्चाने प्रकल्पच कोलमडला असता. स्वरूप यांनी ताणलेल्या दोऱ्यांच्या सांगाड्यावर पोलादी तारेची बारीक जाळी बसवण्याची युक्ती वापरली. वारा जाळीतून निघून जातो. मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरींना मात्र ती जाळी सलग आरशासारखीच वाटते.

प्रस्ताव १९८४ चा, मंजुरी १९८७ ची आणि जगभरच्या शास्त्रज्ञांना दुर्बीण खुली झाली २००२ मध्ये. मधल्या १५ वर्षांत ज्या अभियंत्यांनी ग्राहक-यंत्रणा, सर्व्हो मोटारी, संकेत जुळवणारी इलेक्ट्रॉनिक्स घडवली, त्यांच्या वार्षिक अहवालात ‘नवे शोध’ या रकान्यात काय लिहायचे? दुर्बिणीची ओळख करून देणारा स्वरूप आणि सहकाऱ्यांचा निबंध १९९१ मध्ये बंगळूरुच्या ‘करंट सायन्स’मध्ये आला. इम्पॅक्ट फॅक्टरच्या शर्यतीत हे नियतकालिक ‘नेचर’च्या जवळपासही नाही. तरीही जीएमआरटी वापरणारे जगभरचे गट आजही त्याचा संदर्भ देतात. २०१७ मध्ये अद्ययावत दुर्बिणीवर यशवंत गुप्ता आणि सहकाऱ्यांनी लिहिलेला निबंधही ‘करंट सायन्स’मध्येच आहे. नियतकालिकाच्या नावावरून निबंधाची किंमत ठरवणाऱ्यांनी हे दोन निबंध जरूर पाहावेत.

पण हिशेबात गळती आहेच. २०१० ते २०१२ या काळात या दुर्बिणीने १५० मेगाहर्ट्झच्या आसपास आकाशाच्या सुमारे ९० टक्के भागाचे सर्वेक्षण केले. निरीक्षणे एका गटाने आखली. काही वर्षांनी ह्युब इंटेमा आणि सहकाऱ्यांनी ती माहिती नव्या पद्धतीने तपासून २०१७ मध्ये सुमारे ६ लाख २० हजार रेडिओ स्रोतांची यादी प्रसिद्ध केली. जगाने ती उचलून धरली, आणि रास्तपणे. त्यांचे काम अवघड होते. मात्र संदर्भ पडतात ते या यादीच्या खात्यात. दुर्बीण बांधणारे, रात्रपाळीला ती चालवणारे, निरीक्षणे आखणारे यांचा वाटा निबंधाच्या शेवटी आभाराच्या ओळीत येतो, आणि आभाराची ओळ म्हणजे सायटेशन नव्हे. अचलपूरच्या फिनले मिलच्या कापडावर मिलचा शिक्का असे, माग जुळवणाऱ्या फिटरचे नाव नसे, तशातलाच हा प्रकार.

काही कामे तर कोणत्याच खात्यात बसत नाहीत. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे ‘शियापारेली’ यान मंगळावर उतरताना त्याचा अतिक्षीण संकेत खोडदच्या तबकड्यांनी थेट टिपला. यान कोसळले, पण संकेत नेमका केव्हा थांबला ते त्याच दिवशी जगाला कळले. याचे गुण कोणाला द्यायचे?

मग आकडे निरुपयोगी आहेत का?

नाहीत. आकडे नसले की ओळखीपाळखीचा कारभार सुरू होतो, आणि त्याचा अनुभव आपल्या विद्यापीठांना पुरेसा आहे. शिवाय उपकरणांच्या क्षेत्रात उलटी सूजही येते. २०१६ मध्ये गुरुत्वीय लहरींच्या शोधाचा निबंध ‘लायगो’च्या सुमारे हजार लेखकांच्या नावे आला. त्याला मिळालेले हजारो संदर्भ प्रत्येकाच्या खात्यात पूर्ण जमा होतात. त्यातल्या एखाद्याने नेमके काय केले, हे त्या संख्येवरून अजिबात कळत नाही.

काही वाटा निघाल्या आहेत. ‘स्लोन’ आकाश सर्वेक्षणाने यंत्र उभारणाऱ्यांना ‘बांधकर्ते’ असा दर्जा दिला आणि पुढच्या निबंधांवर लेखक म्हणून नाव घालण्याचा हक्कही. नासाच्या पाठबळावर चालणारी ‘एडीएस’ ही खगोलशास्त्राची निबंधसूची कोणालाही फुकट, मोबाइलवरही पाहता येते. तिथे एकूण संदर्भांबरोबर लेखकसंख्येने भागलेले संदर्भही दिसतात. एखाद्या उपकरण-शास्त्रज्ञाची नोंद तिथे उघडली, तर पहिल्या आकड्यावर थांबू नये. परिषदांच्या इतिवृत्तांत तांत्रिक निबंध किती आहेत, उपकरण किती वर्षे चालू आहे, त्याच्या माहितीवर इतरांनी किती निबंध लिहिले, हे पाहावे. २०१३ च्या ‘डोरा’ जाहीरनाम्यानेही हेच सुचवले : नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर माणसाला लावू नका, माहितीसंच आणि सॉफ्टवेअरही जमेस धरा.

वऱ्हाडाचा यात काय संबंध?

वाशिमला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ उभी राहत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. एकमेकांना काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, त्यात हवा जवळजवळ शून्य, आणि अणुकेंद्रापेक्षाही सूक्ष्म अंतर मोजणारा लेझर. अशा ठिकाणी निर्वात पंप सांभाळणारा, वेल्डिंगची गळती शोधणारा, कंपनरोधक बसवणारा माणूस लागतो. अमरावती-अकोल्याच्या आयटीआय, पॉलिटेक्निक आणि विज्ञान महाविद्यालयांतून तो जाऊ शकतो. अमेरिकेतील ‘लायगो’च्या लेखकयादीत वेधयंत्र उभारणाऱ्या आणि चालवणाऱ्या अभियंत्यांची नावे आहेत. आपल्याकडे वेध सुरू व्हायला या दशकाची अखेर उजाडेल. त्याआधीच्या वर्षांत तिथे राबणाऱ्या तरुणाने पदोन्नतीचा अर्ज भरला, तर आजच्या तक्त्यात त्याला लिहिण्याजोगे फार थोडे सापडेल.